मुकी वडी

नानांची जीभ गेली आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते नानांना कुणी सांगायचं हेही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. थोरलीनं.

काम अवघड असलं की या घरात ते उतारावरून आल्यासारखं थोरलीच्याच पायाशी येऊन थांबे. सोपं असलं की मात्र चार हात पुढे होत. पन्नाशी उलटली तरी यात फरक पडला नव्हता आणि आता पडेल ही आशाही तिनं सोडून दिली होती.

संध्याकाळी मंडळी कारखान्याच्या मागच्या खोलीत, कापणीच्या टेबलाभोवती जमली होती. कारखाना म्हणजे घराचाच तळमजला. जिना उतरलं की घरातल्या चपला काढून रबरी बूट चढवायचे आणि कामाला लागायचं. टेबलावर तारेनं कापलेला पांढराशुभ्र साबण मांडून ठेवला होता. तान्ह्या बाळांसाठीच्या लहान, गोल कडांच्या वड्या. सकाळी गाडी येऊन त्या प्रसूतिगृहात घेऊन जाणार होती. पहिलीच मागणी होती ही, आणि ती मिळवल्याबद्दल धाकटा आठवडाभर छाती काढून फिरत होता.

"मी विषय काढला की तुम्ही दोघं तोंड उघडणार ना?" थोरलीनं भावाला आणि भावजयीला विचारलं. नाना अजून वर चहा घेत होते.

"अगं ताई, म्हणजे काय! तू फक्त सुरुवात कर," धाकटा फोनमधून डोकं न काढता म्हणाला. माल आणणं आणि माल खपवणं ही त्याची खाती. बोलणं हे खातं त्यानं बाहेरच्या लोकांसाठी राखून ठेवलं होतं.

त्याची बायको शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. लग्न होऊन आली त्या दिवसापासून घरात तिला मास्तरीण म्हणत. तिनं पर्समधून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. "मी शाळेच्या प्रयोगशाळेतले तपासायचे थेंब आणलेत. नुसत्या बोलण्यानं नाना ऐकायचे नाहीत. दिसलं की ऐकतील."

"दिसलं की अजिबात ऐकायचे नाहीत," आत्या म्हणाली. आत्या नानांची मोठी बहीण. जगातल्या सगळ्यांचे दोष तिला लांबून दिसत, भावाचा तेवढा नाकासमोर धरला तरी दिसत नसे. "आणि थोरले, तू जरा जपून बोल. तुझं बोलणं म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ते आहेच तसं."

थोरलीनं दातांवर दात धरले. सांगायला हिलाच पुढे करायचं आणि सांगण्याआधी हिच्याच बोलण्याला नावं ठेवायची! तिला वाटलं, बूट काढावेत, वर जावं आणि दार लावून झोपावं. उद्या बाळांच्या अंगावर पुरळ उठलं की मग या सगळ्यांची बोलती आपोआप सुरू होईल. पण बाळं मधे आली आणि तिला ते जमेना.

साबण म्हणजे तसं पाहिलं तर तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा संसार. सोडा एकटा असला की कुणाचा नसतो. तुंबलेली मोरी मोकळी करतो, तव्यावरची वर्षानुवर्षांची जळकट चिकटी उतरवतो, जुन्या दारांचा रंग सालीसारखा सोलून काढतो. धाकट्यानं तरुणपणी एकदा हुशारी करून तो अल्युमिनियमच्या पातेल्यात कालवला, तर पातेलं फसफसून उठलं आणि त्याच्या बुडाची चाळणी झाली. आत्या अजून त्या पातेल्याचं नाव काढते. बोटाला लागला तर आधी नुसतं बुळबुळीत लागतं, आणि माणूस म्हणतो, काही नाही झालं. प्रत्यक्षात तो आपल्याच कातडीतल्या चरबीचा साबण करायला बसलेला असतो. असा हा सोडा तेलात मुरला की मात्र निवळतो आणि बाळाच्या अंगाला लावण्याइतका गरीब होतो. फक्त तेल पुरेसं हवं. कमी पडलं तर उरलेला सोडा वडीत दबा धरून बसतो आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही.

तो ओळखायचा जिभेनं. बोट ओलं करून वडीवर घासायचं आणि जिभेच्या टोकाला टेकवायचं. सोडा उरला असेल तर सणसणीत चटका बसतो. घरात याला 'वडी बोलते' म्हणत. चटका नसेल तर वडी मुकी. मुकी वडी विकायची, बोलणारी पुन्हा भट्टीवर चढवायची. नानांच्या वडिलांपासून हा न्याय चालत आला होता, आणि या घरातून नानांनी 'मुकी' म्हटल्याशिवाय एकही वडी बाहेर पडलेली नव्हती.

गेल्या वर्षी नानांना मोठा ताप आला. त्यातून उठल्यावर एके दिवशी त्यांनी बिनमिठाची भाजी ताटभर खाल्ली आणि छान झाली म्हणाले. थोरलीनं ते तेव्हाच मनात टिपून ठेवलं होतं. पुढे एकदा ती दाताच्या डॉक्टरकडे गेली असताना नानांनी एकट्यानं एक घाण मुकी ठरवली. एका वेळी भट्टीवर चढते तेवढ्या साबणाला ते घाण म्हणत. थोरलीनं परत येऊन जीभ लावली, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या दिवसापासून तिनं एक केलं. ती आणि नाना टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून एकाच वेळी जीभ लावत, ही लहानपणापासूनची पद्धत. "थोरले, तूही लाव" असं नाना दर वेळी म्हणत. तिनं लावणं सोडलं नाही, फक्त चेहरा दगडासारखा ठेवायला सुरुवात केली. जीभ पोळली तरी पापणी हलू द्यायची नाही. नानांना आपलं आपण कळतं का, हे तिला पाहायचं होतं. आणि कळत नसेल तर चारचौघांत त्यांना उघडं पाडायचं नव्हतं. नाना मुकी म्हणत, ती मान हलवी, आणि रविवारी नाना वर आडवे झाले, बाकीचे बाहेर गेले की एकटीच खाली उतरून ती अख्खी घाण तेल घालून पुन्हा वितळवी. खांदे भरून येत. कुणी विचारलंच तर सांगे, मोरी तुंबली होती.

एकच घाण तिच्या हातून सुटली. तिला न विचारता धाकट्यानं ती न्हाव्याकडे पाठवली आणि न्हावी दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाला घेऊनच आला. गिऱ्हाइकाचे गाल टोमॅटोसारखे झाले होते. "कातडी नाजूक आहे हो तुमची," असं धाकट्यानं त्याला समजावलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. सगळे एकदम साबणाकडे टक लावून पाहू लागले.

"काय रे, बारसं आहे का कुणाचं?" नाना म्हणाले. "एवढी गर्दी कशाला?"

"सहज," धाकटा म्हणाला.

नानांनी बूट चढवले, नळाखाली हात धुतले, बोट ओलं ठेवलं. टेबलाच्या मधोमध असलेली एक वडी उचलली. "थोरले, तूही लाव."

थोरलीनं वडी उचलून बोट घासलं. जिभेला टेकवताच असा झटका बसला की कानापर्यंत कळ गेली. तिनं समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं आणि चेहरा हलू दिला नाही.

नानांनी बोट जिभेला लावून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मुकी."

"बघा!" आत्या म्हणाली, जणू कुणी पैज लावली होती.

थोरलीनं धाकट्याकडे पाहिलं. धाकट्यानं छताकडे पाहिलं. मास्तरणीनं नवऱ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी मिठाची गुळणी धरलेली. म्हणजे ठरल्याप्रमाणे आता हिनंच.

"नाना, बोलतेय ती," थोरली म्हणाली.

"काय?"

"वडी. चांगली ओरडतेय. उद्या जायची नाही ही."

नाना काही म्हणायच्या आत आत्या सरसावली. "असं कसं? नानांनी मुकी म्हटलं ना?"

"तू लावून बघ, आत्या."

"बघते की!" आत्यानं बोट घासून जिभेला लावलं. तिचे ओठ आत गेले, डोळे बाहेर आले, आणि मान एका बाजूला कलली. पण बाई भावाची सख्खी. "मुकी," ती कशीबशी म्हणाली आणि सिंककडे धावली. जाता जाता तिचा हात फळीवरच्या सिरक्याच्या बाटलीकडे गेला.

"आत्या, सिरका नको!" मास्तरीण ओरडली. "नुसतं पाणी. भरपूर पाण्यानं चुळा भरा. सोड्यावर आम्ल ओतायचं नसतं."

"अगं पण पुस्तकात एकानं दुसरं मरतं म्हणता ना तुम्ही?" आत्या चुळांच्या मधून म्हणाली.

"मरतं, पण मरताना तापतं. तोंडात नको ती मारामारी."

"तू बघ," थोरलीनं धाकट्यासमोर वडी धरली. त्यानं नखाच्या टोकानं जराशी खरवडली, जिभेला लावल्यासारखं केलं, आणि कपाळावर घाम आलेला असताना हसला.

"मला तर काही... म्हणजे अगदी बोलतेय असं नाही म्हणता येणार, ताई. कुजबुजतेय फार तर."

"कुजबुजतेय?" थोरलीचा आवाज चढला. "अर्ध्या तासापूर्वी म्हणालास तू सुरुवात कर! आणि आता कुजबुजतेय?"

"दोन्ही बाजू असतात ना पण."

"वडीला सहा बाजू असतात. सगळ्या चावतायत!"

मास्तरणीनं आणखी वाद होऊ दिला नाही. तिनं एक वडी मधून कापली आणि कापलेल्या भागावर बाटलीतला पाण्यासारखा थेंब सोडला. थेंब पडताक्षणी गुलाबी झाला आणि बघता बघता गडद होत गेला.

"रंग छान आहे," नाना म्हणाले. "बाळांना आवडेल."

"नाना, साबण थोडा आम्लारिधर्मी असतोच. फिका गुलाबी आला असता तर मी काही बोलले नसते. पण हा एवढा गडद म्हणजे आत मोकळा सोडा आहे."

"ही आम्लारी-बिम्लारी आमच्या वेळेला नव्हती," आत्यानं सिंकवरून सुनावलं.

"आत्या, मघाशी तुमच्या तोंडात होती तीच."

पण मास्तरणीचं मन आता दुसरीकडे लागलं होतं. तिनं साबणाचा तुकडा नाकाशी नेला, पुन्हा नेला, आणि नवऱ्याकडे वळली. "तेल कुठलं आहे रे हे?"

"तेल?" धाकटा म्हणाला. "तेलच आहे की."

"नारळाचं?"

"त्यातही आहे. थोडं. बाकीचं मिश्र. नारळाचं नीट मिळेना गेल्या वर्षापासून, मग मी म्हटलं..."

"आणि सोडा नाना कालवतात तेवढाच?"

"तो मी कशाला बदलू? सोडा नानांचं खातं."

मास्तरणीनं डोळे मिटले. वर्गात शेवटच्या बाकावरचा मुलगा उत्तर देतो तेव्हा ती असे मिटत असावी. "अरे, नारळाच्या तेलाला सोडा जास्त लागतो. दुसऱ्या तेलांना कमी. तेल बदलून सोडा तेवढाच ठेवला तर तो उरणारच! मी तुला हे सांगितलं होतं. जेवताना. तू हो हो म्हणाला होतास!"

"मला वाटलं तू पेपर तपासत बोलतेयस."

वर्षभराचे रविवार थोरलीच्या डोळ्यांसमोरून गेले. पिंपातलं तेल घाण वास मारतं म्हणून तिनं हजारदा तक्रार केली होती, आणि हा हवामानावर खापर फोडत होता. म्हणजे नुसती नानांची जीभ गेली एवढंच नव्हतं. जी गेली होती तिच्याच आडोशाला हा माणूस लपून बसला होता. नाना मुकी म्हणतायत तोवर तेलाचा प्रश्न निघणारच नव्हता.

"पुरे!" ती ओरडली. "एकजण खोटं तेल आणतो, एकीला चटका बसला तरी मुकी म्हणायचं असतं, एकीला सगळं माहीत असून जेवतानाच सांगायचं असतं! आणि खरं बोलायला कोण? मी! मी बोलले की माझं तोंड वाईट!" ती नानांकडे वळली आणि इतके महिने गिळलेलं वाक्य एकदम बाहेर आलं. "नाना, तुमची जीभ गेलीय. तुम्हाला काहीही कळत नाही."

बोलली आणि तिला स्वतःचाच राग आला. वडिलांना असं, सगळ्यांच्या देखत. आत्यानं तोंडाला पदर लावला. धाकट्यानं पहिल्यांदाच फोन खिशात ठेवला.

नानांनी वडी टेबलावर ठेवली. "माहीत आहे," ते म्हणाले.

आत्याचा पदर तोंडावरून खाली आला.

"तापातून उठलो तेव्हापासून. मीठ कळत नाही, साखर कळत नाही. सोडा काय कळणार?"

"मग वर्षभर मुकी, मुकी कशाच्या जोरावर म्हणत होता?" थोरलीनं विचारलं.

"तुझ्या तोंडाच्या."

"माझ्या?"

"तू एवढीशी होतीस तेव्हापासून बघतोय. बोलणारी वडी लागली की तुझी एक भुवई वर जाते आणि नाक असं मुरडतं. मला चटका लागेना तेव्हा म्हटलं, तुझ्या नाकावर चालवू. म्हणून तर तुला लाव, लाव म्हणत होतो. सुरुवातीला ठीक चाललं. एक-दोन घाणी मी बोलतात म्हणून परत पाठवल्या, आठवतं? त्या तुझ्या भुवईनं." नानांनी चष्मा काढला. "मग तुझी भुवई हलायची बंदच झाली. मला वाटलं, साबण सुधारला."

बाप दुखावला जाऊ नये म्हणून थोरलीनं जीभ पोळून घेतली होती, चेहऱ्याची रेघ हलू दिली नव्हती. आणि बाप त्याच चेहऱ्यावरून वाचत होता. तिला रडू येत होतं, हसू येत होतं, आणि या दोन्हींपेक्षा जास्त, कुणाला तरी गदागदा हलवावंसं वाटत होतं. पण हलवायचं कुणाला, तेच कळत नव्हतं.

"मला सांगायचं नाही?" ती म्हणाली. "मी रविवारी एकटी खाली बसून घाणीच्या घाणी वितळवत होते, नाना!"

"मला कुठे माहीत? खाली तुझी चाहूल लागायची, पण म्हटलं, पोरीला घरातल्या माणसांचा वीट आला असेल. बसू दे घटकाभर एकटीला. म्हणून मुद्दाम खाली आलो नाही."

"आला असता तर बरं झालं असतं!"

"तूही तोंड वाकडं केलं असतंस तर बरं झालं असतं." नाना हळू म्हणाले, "काय सांगणार होतो मी? सोडा मी कालवतो, पण त्याची मापं सगळी तुला पाठ. माल हा विकतो. या कारखान्यात माझी म्हणून एक जीभच उरली होती. ती गेली म्हटल्यावर मी वर बसून काय करू, आत्याशी पत्ते खेळू?"

"मी खेळत नाही तुझ्याशी, तू फसवतोस," आत्या म्हणाली आणि मग खरोखरच रडू लागली.

धाकट्यानं घसा साफ केला. "सगळं ठीक आहे, पण सकाळच्या गाडीचं काय? पहिलीच मागणी आहे. मी काय म्हणतो, एवढ्या वेळी जाऊ दे. बाळांना काय बोलता येतं..."

तो पुढे बोलला नाही, कारण चारही माणसं त्याच्याकडे पाहत होती, आणि त्यात त्याची बायको सगळ्यांत जवळ उभी होती.

नानांनी हात पुढे केला. "नंबर लावून दे."

प्रसूतिगृहाच्या मोठ्या सिस्टरबाई फोनवर आल्या. नाना उभे राहूनच बोलले. "सिस्टर, साबणवाला बोलतोय. उद्या माल येणार नाही... नाही, गाडी ठीक आहे. साबण चावतोय. सोडा जास्त झालाय... मी पास केला होता, हो. माझी चूक झाली. माझी जीभ गेलीय, सिस्टर. वर्ष झालं. घरात सांगितलं नव्हतं." पलीकडून बराच वेळ काही बोलणं झालं. नाना हं, हं करत राहिले. "आता माझी मुलगी बघेल. तिला जीभ चांगली आहे. विचारा कुणालाही."

"नाही," थोरली म्हणाली.

नानांनी फोनवर हात ठेवला.

"मी नाही लावणार जीभ. मी नाही, कुणीच नाही. इतकी वर्षं पोळली ती बास. आजपासून प्रत्येक घाणीवर थेंब टाकायचे, आणि ते हिनं शिकवायचं," तिनं मास्तरणीकडे बोट केलं, "जेवताना नाही, इथे, हातात वडी घेऊन. तेल बदललं की ह्यानं आधी सांगायचं, आणि सांगितलं नाही तर ह्याच्या जिभेवर तपासायचं."

नानांनी सिस्टरबाईंना तसं कळवलं आणि फोन परत दिला. मग ते टेबलाशी उभे राहिले. बूट काढावेत की ठेवावेत, ते ठरत नसल्यासारखे.

"मग मी खाली कशाला उतरायचं?" त्यांनी विचारलं. प्रश्न साधा होता आणि उत्तर ऐकायला ते घाबरलेले दिसत होते. थोरलीनं वडिलांना असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"भांडायला," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला, तो तिनं फुटू दिला. "माझ्याशी भांडायला. या घरात दुसरं कुणी समोरासमोर बोलतं का?"

नानांनी चष्मा पुन्हा चढवला. टेबलाभोवती एक फेरी मारली, गडद गुलाबी डागाकडे पाहिलं, धाकट्याच्या मिश्र तेलाच्या पिंपाचं झाकण उघडून बंद केलं.

"रविवारी वितळवताना तू तेल किती घालायचीस?"

"अंदाजानं."

"अंदाजानं?" नाना असे ओरडले की आत्याचं रडणं थांबलं. "सोड्याच्या कामात अंदाजानं? इतकी वर्षं शिकवलं ते हेच?"

"हेच," थोरली म्हणाली, आणि तिनं भट्टी पेटवली.